हो गं बाजूला

मला वडगावात रागीट म्हणतात. म्हणू देत. वैशाखाच्या उन्हात खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचं, सुकलेला धागा दिवसातनं वीस वेळा तुटणार, तो वीस वेळा सांधायचा, आणि वर गोड बी बोलायचं, हे मला तरी कवा जमलं न्हाय. पण त्या शुक्रवारी मी रागानं बोललो नव्हतो. एवढं आधीच सांगून ठेवतो. मग सगळं ऐका आणि काय म्हणायचं ते म्हणा.

माझं नाव परसू. मानमोडीच्या तापात माझी बायको अंजनी गेली. सोमवारी डोकं दुखतंय म्हणाली आणि गुरुवारी न्हाय. पोरगी तवा सहा महिन्यांची. जयवंता नाव ठेवलं हुतं. घरात मी एकटा. मागावर बसलो तर चूल थंड, चुलीपाशी बसलो तर माग बंद, आणि पोरीला दूध कोण पाजणार? माझी सासू निंगव्वा, तिला मी आत्ती म्हणतो, सुळेभावीहून आली, बारावं उरकलं आणि पोरीला पदराखाली घेऊन गेली. मी न्हाय म्हटलं न्हाय. म्हणायला तोंड कुठं हुतं मला?

सुळेभावी कानडी गाव, काय लांब न्हाय. पण दीड वर्षात मी तिकडं दोनदा गेलो असेन. गेलो की पोरगी आत्तीच्या लुगड्यामागं लपायची. दुसऱ्या खेपेला मी तिच्यासाठी लाकडी बैल नेला हुता. तो तिनं घेतला आणि माझ्या मेहुण्याकडं, अंजनीच्या भावाकडं पळाली, त्याला म्हणाली, "अप्पा, अप्पा." कानडीत अप्पा म्हणजे बाप. मेहुण्याला मूलबाळ न्हाय, माणूस चांगला, पोरीवर जीव लावलेला. पण मला ते ऐकवलं न्हाय. मी पाणी बी न पिता उठून आलो, आणि परत गेलो न्हाय.

मग चैत्रात आत्तीचा निरोप आला. मेहुण्याला जयवंताला दत्तक घ्यायचं हाय, तू हो म्हण. माझं डोकं फिरलं. मी उलट निरोप पाठवला, माझी पोरगी माझ्या घरी आणा, मग बघू. शेजारी अक्काताई राहती, विणकरांसाठी लाकडी कांड्यांवर सूत भरायचं काम करती, तिनं बी सांगितलं, "आण रं तिला. मी हाय की. माझी चार वाढली, त्यात पाचवी."

वैशाखातल्या एका शनिवारी बाजाराच्या गाडीतनं आत्ती पोरीला घेऊन आली. ओट्यावर टेकली, पाणी प्याली आणि सरळ मुद्द्यावर आली. आत्तीचं बोलणं सगळं कानडी, मी आपलं मराठीत सांगतो. म्हणाली, "पुढच्या शनिवारी ही गाडी परत बाजाराला येईल. तोवर पोरगी आपण होऊन तुझ्याकडं आली, तिनं आपण होऊन तुझा हात धरला, तर ती तुझी. मी एकटी गाडीत बसते. न्हायतर माझ्या लेकाला दे. ओढून, रडवून ठेवायची न्हाय. कबूल?"

मी म्हटलं, कबूल. सात दिवस हुते. आपलंच रक्त, सात दिवसांत येईल न्हाय तर कुठं जाईल, असं मला वाटलं.

पहिल्याच दिवशी वाट लागली. आमचा माग खड्ड्याचा. विणकर जमिनीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात, दाबायच्या पावड्यांवर. समोरनं बघणाऱ्याला कमरेपर्यंतचाच माणूस दिसतो. पोरगी दारात उभी राहून माझ्याकडं बघत हुती. मला वाटलं, आता उचलून घ्यावी. म्हणून मी खड्ड्यातनं उठलो. तिनं काय बघितलं असेल? जमिनीत अर्धा पुरलेला माणूस वर वर यायला लागलाय, आणि थांबतच न्हाय. अशी किंचाळली की अक्काताई हातातली कांडी टाकून पळत आली. त्यानंतर मी दोन पावलं पुढं टाकली की पोरगी म्हणायची, "ब्याड, ब्याड." ब्याड म्हणजे नको. माझ्या घरात माझ्या पोरीनं मला शिकवलेला पहिला शब्द हा.

अक्काताई म्हणाली, "परसू, तिच्याशी कानडीत बोल की रं. तुला येतंय न्हवं?"

येतंय की. सूत घ्यायला, लुगडं द्यायला, बाजारात निम्मं कानडीच लागतंय. पण मी हट्टाला पेटलो. माझी पोरगी, माझं घर, इथं ती मराठीच ऐकंल, असं मी अक्काताईला सुनावलं. ती म्हणाली, "बरं बाबा, तुझं घर." आणि कांड्या भरायला बसली.

त्या वर्षी ऊन लई हुतं. कौलं अशी तापायची की दुपारी घरात बसवत नव्हतं. पोरीच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलं. दिवसभर किरकिर. सोमवारी आत्तीनं परड्यात तिच्या अंगावर एक तांब्या पाणी ओतलं, आणि पोरगी गप्प झाली. दुसरा ओतला तर हसली. मी मागच्या दारात उभा हुतो. तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

परड्यात लिंबाखाली माझी दगडी डोण हाय. माझ्या आज्यापासनं त्यात सूत भिजतंय. त्या दिवशी बी भिजत घातलेलं. मी ते सगळं सूत अर्धंकच्चं उपसून दोरीवर टाकलं. डोण घासली, पुसली, आणि आडावरनं बारा घागरी पाणी आणलं. पोरीच्या गुडघ्यापर्यंत आलं. अक्काताई कुंपणावरनं बघत हुती. म्हणाली, "सूत वाया गेलं की रं." मी म्हटलं, "जाऊ दे."

मी आत गेलो तवा आत्तीनं पोरीला डोणीत सोडलं.

आता दोन वर्षांच्या पोराला पाण्यात काय लागतंय? एक करवंटी. करवंटीनं पाणी घ्यायचं आणि ओतायचं, परत घ्यायचं, परत ओतायचं, आणि प्रत्येक वेळी नवं काहीतरी घडल्यागत बघायचं. तळवा आपटून पाणी उडवायचं, आणि आपल्याच तोंडावर उडालं की दचकायचं. लिंबाची पानं पडायची, ती एक एक वेचून डोणीच्या काठावर मांडायची. मी अक्काताईकडनं रिकाम्या कांड्या मागून आणल्या आणि लांबनंच डोणीत टाकल्या. त्या तरंगल्या. पोरगी एकेकीला खाली दाबायची आणि त्या परत वर यायच्या. तासभर तेच. अक्काताई ओरडत बसली, माझ्या कांड्या फुगतील म्हणून. मी तिच्याकडं लक्ष दिलं न्हाय. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून बघत राहिलो. मधल्या दीड वर्षात हे सगळं दुसऱ्या कुणीतरी बघितलं, हे मनातनं जाईना.

जवळ गेलो की मात्र खेळ बंद. मी उभा राहिलो की ती डोणीच्या पलीकडच्या टोकाला. ब्याड, ब्याड.

बुधवारी माझ्या डोक्यात उजेड पडला. डोणीचं सांडपाणी केळीला जातं, तिथं कडेला एक खड्डा हाय. मी बसून बसून, जमिनीवर घसटत तिथपर्यंत गेलो आणि त्या खड्ड्यात पाय सोडून बसलो. चिखलात. धोतराची वाट लागली. पण आता माझं डोकं आणि तिचं डोकं एका उंचीवर आलं. तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. हा तोच अर्धा माणूस हाय, आणि हा काय वाढत न्हाय, हे तिला पटलं असावं. मग तिनं करवंटी भरली, डोणीच्या काठापर्यंत आली आणि माझ्या टाळक्यावर ओतली.

मी हललो न्हाय. डोळ्यात पाणी गेलं, कानात गेलं. तिनं परत भरली, परत ओतली, आणि हसली. हसताना एकाच गालाला खळी पडली. अंजनीला बी तिथंच पडायची. मला रडू आलं ते खरं सांगतो, पण तोंड ओलंच हुतं, म्हणून कुणाला कळलं न्हाय.

गुरुवारी मी सकाळपासनं त्या खड्ड्यात. अकरा वाजता जरा उठून घागर आणायला गेलो आणि परत येऊन लांबच बसलो, सावलीला. पोरीनं मान वर केली. इकडं तिकडं बघितलं. मी दिसलो. हात माझ्याकडं करून म्हणाली, "बा."

आमच्याकडं बापाला बा म्हणतात. मी माझ्या बापाला बाच म्हणायचो, तो मरेपर्यंत. त्या वेळी मला दुसरं काही सुचलंच न्हाय. माझ्या कानांनी जे ऐकायचं ते ऐकलं. मी घरात गेलो, गुळाचा खडा फोडला आणि गल्लीत वाटत सुटलो. अक्काताईच्या हातावर गूळ ठेवला आणि म्हटलं, "बा म्हणाली." तिनं तो तोंडात न टाकता पदराला बांधला.

आत्ती सुपात तांदूळ निवडत हुती. मी म्हटलं, "ऐकलंस न्हवं आत्ती? मला बा म्हणाली."

आत्तीनं सुपातनं मान वर केली. म्हणाली, "व्हय. म्हणाली." आणि परत खडे वेचायला लागली. खोटं ती बोलली न्हाय. खरं सांगून माझा गूळ कडू करावा असं तिला वाटलं नसेल.

त्या रात्री मला गाढ झोप लागली. आता फक्त हात धरायचा ऱ्हायला, आणि एक अख्खा दिवस हातात हाय, असा माझा हिशेब.

शुक्रवारी सकाळी मी परड्यात आलो तर अक्काताईची कोंबडी कुंपणातनं आत शिरलेली. पोरगी डोणीतनं तिला हात करत हुती, "बा, बा." कोंबडी गेली. मग झाडावर कावळा बसला, त्याला म्हणाली, "बा." एक कांडी तरंगत डोणीच्या टोकाला गेली, तिला बी "बा, बा."

अक्काताईला हसू आवरलं न्हाय. कुंपणावरनं म्हणाली, "परसू, तुझ्या पोरीला बाप लई झाले की रं." मग तिनं माझं तोंड बघितलं. जरा वेळानं खालच्या आवाजात म्हणाली, "अरं, कानडी पोर ती. बा म्हणजे ये. तुला म्हाईत न्हाय व्हय?"

म्हाईत न्हाय कसं? उभा जन्म बाजारात लोक मला बा, बा म्हणून बोलावत आलेत. बा परसू, बा, बस. मला सगळं म्हाईत हुतं. म्हणून तर जास्त लागलं. गल्लीभर गूळ वाटणारा मी, आणि आत्तीला ते कळलेलं, अक्काताईला कळलेलं, सगळ्या गल्लीला कळलेलं. मला बाप व्हायचं हुतं, आणि पोरीच्या लेखी मी आणि कोंबडी एकच. मी आत गेलो, खड्ड्यात पाय सोडले आणि माग चालवायला लागलो. दोन दिवस बंद हुता. धोटा इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. आत्तीनं जेवायला हाक मारली, मी ओ दिली न्हाय.

दुपार कलली तवा मला ओल्या पावलांचा आवाज आला. चप, चप. मागच्या दारातनं, स्वयंपाकघरातनं, उंबरा ओलांडून. मला कळलं कोण ते. आजवर मागाच्या खोलीत ती एकटी कवा आली नव्हती. येऊन माझ्या उजव्या हाताला, खड्ड्याच्या काठावर थांबली. उघडी, निथळती, हातात करवंटी. माझं तोंड ताण्याच्या उभ्या धाग्यांकडं, पण डोळ्याच्या कोपऱ्यातनं मला तिची पावलं दिसत हुती.

म्हणाली, "बा."

मी धोटा टाकला. मनात म्हटलं, कोंबडीला बोलाव जा.

परत म्हणाली, "बा." आणि तिनं माझं मनगट धरलं. बोटं थंडगार हुती. करवंटी तिच्या दुसऱ्या हातात, तिरकी झालेली, बरोबर ताण्यावर. ताण्याला त्याच आठवड्यात खळ लावलेली, पाणी पडलं तर खळ सुटून सगळा गुंता. विणकराच्या तोंडून अशा वेळी जे निघतं तेच माझ्या तोंडून निघालं. रागानं न्हाय, ओरडून न्हाय. गं लावून म्हणालो. मी म्हणालो, "हो गं बाजूला."

तिनं माझा हात सोडला. क्षणभर थांबली. मग वाकून करवंटी खड्ड्याच्या काठावर ठेवली, न सांडता, आणि गेली. चप, चप. मला वाटलं, खेळायला गेली. मी आणखी बोटभर विणलं.

मग दारातनं आत्तीचा आवाज आला. ती पोरीच्या मागनं आलेली, सगळं बघितलेलं. म्हणाली, "पोरगी आली. आपण होऊन आली, हात धरला. मी माझा शब्द मोडणार नव्हते परसू. पण तू तिला होग म्हणालास."

होग म्हणजे कानडीत जा. चालता हो.

मी म्हटलं, "आत्ती, मी होग न्हाय म्हणालो. हो गं म्हणालो. जरा सरक, एवढंच. मराठीत."

"तिला कुठं मराठी येतं?"

आणि तवा मला आठवलं. लग्नाच्या नव्यात अंजनी मागापाशी पाण्याचा तांब्या घेऊन आलती, आणि मी हेच म्हणालो हुतो. ती चुलीपुढं जाऊन रडत बसलेली. संध्याकाळी उलगडा झाला तवा आम्ही दोघं पोट धरून हसलो. नंतर ती मुद्दाम मागापाशी यायची आणि म्हणायची, "जाऊ का सरकू?" हे सगळं एकदा माझ्याच घरात घडलेलं, आणि मी विसरलो.

मी खड्ड्यातनं उडी मारून परड्यात पळालो. घाईत उभाच पळालो, सहा फुटाचा. पोरगी लिंबाच्या बुंध्यापाशी उभी हुती, डोणीकडं पाठ करून. मी म्हटलं, "बा, जयवंता, बा." त्या आठवड्यात मी तिच्याशी बोललेला पहिला कानडी शब्द. तिनं मान हलवली. म्हणाली, "ब्याड."

मी खाली बसलो. घसटत त्या केळीच्या खड्ड्यात गेलो. डोक्यावर स्वतःच पाणी ओतून घेतलं. कांड्या तरंगवल्या. बा, बा म्हणत संध्याकाळपर्यंत बसलो. ती डोणीपाशी आली न्हाय.

दिवेलागणीला मी आत्तीला म्हटलं, "आणखी आठ दिवस ऱ्हा. मी कानडीत बोलतो तिच्याशी. पाया पडतो तुझ्या." मी आजवर कुणाला असं म्हटलं नव्हतं.

आत्तीनं दिव्याची वात वर सारली. मग म्हणाली, "होग का हो गं, ते ऱ्हाऊ दे परसू. शब्दाचं काय, लेकरू दोन दिवसांत विसरंल. पण ती दोनदा बोलली, तिनं तुझा हात धरला, आणि तू वर बघितलं न्हाईस. तेवढं जरी बघितलं असतंस, तर तुझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं असतं जा की सरक ते. मी तुला वाईट म्हणत न्हाय. पण कुणाच्या भरवशावर ठेवू?"

 

शनिवारी चार वाजता बाजाराची गाडी आली. आत्ती पोरीला मांडीवर घेऊन मागं तोंड करून बसली. अक्काताईनं पोरीच्या हातात दोन कांड्या दिल्या, फुगलेल्या. मी दारात उभा हुतो. गाडी हलली. पोरीनं मान वळवून आमच्या दाराकडं बघितलं, हात पुढं केला आणि म्हणाली, "बा."

माझ्या पायाशी अक्काताईची कोंबडी दाणे टिपत हुती. कुणाला म्हणाली ते मला कळलं न्हाय. मी आपला गाडीमागनं चालायला लागलो. शेजारच्या खासबागपर्यंत चालत गेलो. पुढं रस्ता उताराचा, बैल पळायला लागले, मग परत फिरलो.

दत्तकाला मी हो म्हटलं. पोरीचं चांगलं झालं, ते खोटं का बोलू? मेहुण्यानं लग्न थाटात लावलं. मी गेलतो. ती पाया पडली, मला मावा म्हणाली. दत्तक गेल्यावर नातं तेच लागतं, बापाच्या बहिणीचा नवरा. हसली तवा एकाच गालाला खळी पडली. मी बरं म्हटलं आणि अक्षता टाकून आलो.

त्या शनिवारी खासबागहून घरी आलो तर करवंटी खड्ड्याच्या काठावर तशीच हुती. चपचप चालत इतक्या लांबनं आणली हुती तिनं, वाटेत बरंच सांडलेलं, तळाला बोटभर ऱ्हायलेलं. माझ्या डोक्यावर ओतायला आणली असणार. ते पाणी मी टाकलं न्हाय. वैशाखाचं ऊन, दोन दिवसांत आपोआप आटलं.

आता मागापाशी पावलाचा आवाज आला की मी धोटा थांबवतो आणि आधी वर बघतो. पण येत कुणी न्हाय.